साडेतीन वितींचा ओटा

साहेबांनी नव्या घरातला ओटा टेपने तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा वेगळाच आकडा सांगितला. चौथ्या वेळी टेप हातातून सुटून सर्रकन आत गेली आणि अंगठ्याला चांगलीच लागली, तेव्हा ताई दारातूनच म्हणाल्या, "राहू दे आता. मावशींना विचार."

मावशीने पिशवी खाली ठेवली आणि पंजा पसरून वीत टाकली. एक, दोन, तीन आणि वर अर्धी. मग हात उंच करून वरच्या टांगत्या कपाटाचा अंदाज घेतला. तेही फार खाली आलं होतं, ओट्यापासून जेमतेम दोन विती आणि चार बोटं.

"साडेतीन विती," ती म्हणाली. "त्यातली दीड सिंकने खाल्लीय."

गॅस नव्हताच. या इमारतीत सगळं विजेवर, आणि ओट्यावर प्लग मोजून दोन. जुन्या घरात चार बर्नरची शेगडी, मिक्सर, कुकर आणि ओव्हन अशी सगळी मंडळी ऐसपैस नांदत होती. मधल्या काळात साहेबांचं ऑफिस बंद पडलं, ते घरी बसून जमेल तसं काम करू लागले, आणि घर लहान झालं तसं घरातलं सगळंच लहान करायचं ठरलं. चार वस्तू काढून एक आणायची, सगळी कामं करणारी. कोणती, ते मावशीने सांगायचं. ताईंना सकाळी विम्याच्या ऑफिसात पोचायची घाई असे, आणि चहापूड कुठल्या डब्यात असते हे साहेबांना अगदी परवा कळलं होतं. नऊ वर्षं या घरात शिजवलं होतं ते मावशीने. ज्यांचं स्वयंपाकघर त्यांनाच त्यातलं काही ठाऊक नाही, हे तिला नवं नव्हतं. तिच्या पाचही घरांत तीच तऱ्हा होती.

पाच घरं पूर्वीची. गुडघ्यांनी एकेक करत चार सोडायला लावली आणि हे एक उरलं. ते तरी सुटू नये, एवढीच आता तिची धडपड होती. पोटाची चिंता नव्हती, मुलगा सांभाळत होता. पण मुलाच्या घरात सुनेचा ओटा होता. सून वाईट मुळीच नव्हती. मावशीने आत पाऊल टाकायचा अवकाश, ती हसून म्हणायची, "तुम्ही कशाला आई, बाहेर बसा ना निवांत." दिवसातून दहा वेळा निवांत. मग मावशी टीव्हीसमोर जाऊन बसायची आणि जे लागलं असेल ते बघायची. बसून बसून माणसाचा जीव किती शिणतो, हे न बसणाऱ्याला सांगून कळत नाही. सकाळी नऊला ताईंच्या दारात चप्पल काढली की ती पुन्हा कुणीतरी व्हायची.

त्याच दुपारी तिघं स्वयंपाकाच्या यंत्रांच्या दुकानात गेली. दुकान ओस होतं. विक्रेता चाळिशीचा, गळ्यात टाय, आणि दिवसभर उभं राहून एका पायावरचं ओझं दुसऱ्या पायावर टाकत असलेला. मावशीला त्याची दया आली. पाय दुखणाऱ्याला पाय दुखणारा लगेच ओळखू येतो. गिऱ्हाईक दिसताच मात्र तो ताठ झाला आणि त्याने सगळ्यात मोठ्या यंत्रावर हात ठेवला.

"हा एकटा सगळं करतो, साहेब. चिरतो, किसतो, वाटतो, मळतो, वजन करतो आणि शिजवतोसुद्धा. सात पाती, तीन भांडी, वीस प्रोग्रॅम."

साहेबांचे डोळे चमकले. वीस बटणं दिसली की भल्याभल्या पुरुषांचं पोर होतं.

"आणि ही सात पाती धुतो कोण?" मावशीने विचारलं.

"डिशवॉशरमध्ये टाकली की झालं."

"आणि डिशवॉशर कुठे ठेवायचा? माझ्या डोक्यावर?"

विक्रेता हसला. खरं गिऱ्हाईक कोण हे त्याने ओळखलं, आणि तो साहेबांना सोडून मावशीकडे वळला. मग तिनेही त्याला सोडलं नाही. तळल्यासारखं भाजणारा एक गरम हवेचा डबा, एअर फ्रायर, तिने मागून बघितला. वाफ मागे फेकतो, म्हणजे भिंतीपासून पुढे ओढून ठेवावा लागणार, म्हणजे उरलेला ओटा गेला. पुढचं एक विजेवरचं पातेलं होतं, शिजवणारं, वाफवणारं आणि परतणारं. त्याचं झाकण तिने सोडवलं, रबर काढून नाकाशी धरलं, आतलं भांडं उचलून मनगटावर तोललं. वायर किती लांब, रबर वेगळं मिळतं का, भांडं घासलं तर काळा थर निघतो का, असं विचारून तिने त्याला नाकी नऊ आणले. ताई भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्याही दमलेल्या दिसत होत्या, पण मावशीला ते ऑफिसचं दमणं वाटलं.

"हे बघा, चांगली सगळीच आहेत," विक्रेता शेवटी म्हणाला. "रोज हाताळणार कोण, त्यावर ठरतं. कोण वापरणार?"

"मी," मावशी म्हणाली.

"मी," साहेब म्हणाले.

दोघंही एकदमच बोलले. विक्रेता एकाकडून दुसऱ्याकडे बघू लागला. साहेबांचे कान लाल झाले. ताईंनी समोरची काचेची बरणी उचलली आणि तिच्या बुडाशी लिहिलेलं वाचायला घेतलं, इतकं मन लावून की तिथे त्यांचं भविष्यच लिहिलं असावं.

लहान करायच्या वस्तूंच्या यादीत आपणही होतो, आणि आपल्या जागी काय आणायचं ते निवडायला आपल्यालाच हाताला धरून आणलंय, हे मावशीला त्या एका शब्दात लख्ख कळलं. तिला लाज वाटली. चूक त्यांची होती आणि लाज हिला वाटत होती, याचा तिला आणखी राग आला.

"मग मोठाच घ्या," ती म्हणाली.

"सात पात्यांचा?" साहेबांनी विचारलं.

"तोच. एकदा घ्यायचं ते चांगलंच घ्यावं."

आवाज साधा ठेवला होता, पण आत तिचा हिशोब पक्का होता. तिच्या जुन्या घरांतल्या तिघांनी हौसेने असली यंत्रं आणली होती आणि तिन्ही महिन्याच्या आत खोक्यात बसून कपाटावर गेली होती. साहेब पहिल्या आठवड्यात सातही पाती धुतील, दुसऱ्या आठवड्यात तीन, आणि तिसऱ्या आठवड्यात ताईंचा फोन येईल. मावशी, तुम्ही जरा येऊन बघता का. ती येईल. जरा आढेवेढे घेईल आणि येईल.

विक्रेता खोकं आणायला आत गेला. साहेब खुशीत माहितीपत्रक चाळू लागले. मावशी एका उंच स्टुलाच्या कडेला टेकली आणि मनातल्या मनात ते धूड नव्या ओट्यावर ठेवून पाहू लागली. मुद्दाम नव्हे, सवयच तशी. उजवीकडे सिंक, मागे प्लग, वर कपाट. यंत्राचं झाकण मागे बिजागरीला अडकवलेलं, वर उघडणारं. ते कपाटाला आपटलं. मग साहेब रोज ते पुढे ओढणार, अर्धं ओट्याबाहेर काढून झाकण उघडणार, आत उकळतं पाणी, आणि साहेबांचे हात काय लायकीचे आहेत ते सकाळी टेपने दाखवलंच होतं. तिने डोळे मिटून ते पुन्हा बसवून पाहिलं. तिरपं, उभं, सिंकवर फळी टाकून. कुठेच बसेना. नऊ वर्षांत तिने त्यांच्या ओट्यावर एक वाटीसुद्धा चुकीच्या जागी ठेवू दिली नव्हती.

विक्रेता खोकं घेऊन आला.

"थांबा," मावशी म्हणाली. स्वतःवरच ती इतकी चिडली होती की आवाज जरा चढलाच. "हा नको. वरच्या कपाटाला झाकण लागेल. एखाद्या दिवशी भाजून घ्याल." मग तिने विजेच्या पातेल्याकडे बोट केलं. "ते घ्या. झाकण सुटं निघतं. आणि वाटायला तो हातात धरायचा ब्लेंडर, तो खिळ्याला टांगता येईल. दोनच भांडी धुवायची. तुम्हाला जमेल."

विक्रेत्याने खोकं उचललं आणि परत आत नेलं.

बाहेर पडल्यावर साहेब रिक्षा बघायला पुढे गेले. त्यांना तेवढंच निमित्त हवं होतं. दोघी शेजारच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या.

"मावशी, मी सांगणारच होते," ताई म्हणाल्या. "महिनाभर रोज ठरवतेय. सकाळी तुम्हाला बघितलं की तोंडच उघडत नाही."

"हं."

"त्या घरात दोन माणसं एका वेळी उभी राहू शकत नाहीत. आणि हा दिवसभर घरात. त्याला काहीतरी करायला हवंय हो. नुसता बसून बसून खंगत चाललाय."

यावर मावशीला बरंच बोलता आलं असतं. बसून खंगण्याबद्दल तर तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ताईंचे डोळे भरून आले होते, आणि रडणाऱ्या माणसाला आणखी काय बोलायचं.

"आधी सांगायचं होतंत," ती एवढंच म्हणाली. "मग ही निवड तुमची तुम्ही केली असती. मला कशाला हो उभं केलंत तिथे?"

ताईंनी तिचा हात धरला. मावशीने तो धरू दिला. रिक्षात चढताना मावशी म्हणाली, "पंधरा दिवस येते. साहेबांना शिकवून जाते. नाहीतर उपाशी मराल दोघंही."

त्या पंधरा दिवसांत मावशीने मनातून एकच मागणं मागितलं, की साहेबांना जमू नये. ती स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसायची आणि तिथून सांगायची. पहिल्या दिवशी भाताची लापशी झाली. दुसऱ्या दिवशी साहेब पाणी घालायलाच विसरले आणि यंत्र केकाटत राहिलं. चौथ्या दिवशी कांदा चिरताना ते इतके रडले की ताईंना वाटलं, दोघांचं भांडण झालं. मावशीला आत कुठेतरी बरं वाटत होतं आणि ते तिने लपवलंही नाही. "अहो, कांदा आहे तो, शत्रू नव्हे," ती म्हणायची. "बोटं आत घ्या. आणखी आत. तुमचीच आहेत ना?"

पण साहेब वही घेऊन बसणाऱ्यातले निघाले. किती पाणी, किती वेळ, कोणती भाजी आधी, सगळं लिहायचे. रात्रीचा स्वयंपाकही तेच करू लागले. सातव्या दिवशी भात सुटा झाला. नवव्या दिवशी त्यांनी ब्लेंडर खिळ्यावरून न बघता काढला, वापरला, पाण्याखाली धरला आणि परत टांगला. मावशी बघत राहिली. अकराव्या दिवशी साडेदहा वाजता तिच्या लक्षात आलं की सकाळपासून साहेबांनी तिला एकही प्रश्न विचारलेला नाही. ते गुणगुणत होते. वर्षभरात तिने त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. आपलं मागणं फसलं हे तिला त्या गुणगुणण्यातच कळलं, आणि त्या माणसाचा राग धरायचीही सोय उरली नाही.

शेवटच्या दिवशी ताईंनी सुट्टी घेतली. मावशीने जेवूनच जायचं, असं दोघांनी बजावलं होतं. नऊ वर्षांत ती या घरात कधी ताट घेऊन बसली नव्हती. स्वयंपाक झाला की ओटा पुसायचा आणि निघायचं. आज ती हात धुऊन टेबलाशी बसली आणि त्या हातांचं काय करायचं ते तिला समजेना. शेवटी तिने ते मांडीवर ठेवले.

साहेबांनी ताट वाढून आणलं. भात, फ्लॉवर-मटारची भाजी, टोमॅटोचं सूप. ताई समोर बसल्या. साहेब बसलेच नाहीत, हात पुसत उभेच राहिले आणि तिच्या तोंडाकडे बघू लागले.

मावशीने घास घेतला. फ्लॉवर मऊ शिजला होता पण मोडला नव्हता. कांदा नीट परतला होता. मीठ मात्र कमी होतं. चिमूटभरच, पण कमी.

"मीठ बरोबर आहे ना, मावशी?" साहेबांनी विचारलं.

कालपर्यंत कुणी विचारायच्या आत तिने उठून घातलं असतं. आता ती जेवायला बोलावलेली बाई होती, आणि लोकांच्या घरी जेवायला गेल्यावर कसं वागायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"अगदी बरोबर आहे," मावशी म्हणाली आणि तिने दुसरा घास घेतला.