जावयाचे तीन डबे

जावई दुपारी झोपतो, याला अंबूताईंची हरकत नव्हती. पोटभर जेवलेला माणूस आडवा होणारच. पण इथं सुनेची नोकरी बुडायला आलेली, ती फोन करकरून थकलेली, आणि तिकडून लेकीनं सांगावं, "ते झोपलेत, उठवू कशी?" वर त्यानं संध्याकाळी चहा ढोसून सावकाश विचारावं, "काय दीपश्री, फोन केला होतास काय?" हे ऐकल्यापासून अंबूताईंच्या तोंडाला कडू पाणी सुटलं होतं. गुरुवारपासून ते काही जाईना.

दीपश्री ही त्यांची सून. घराच्या वरच्या मजल्यावर बसून एका विमा कंपनीचं काम करायची. कुठं कुणाची गाडी ठोकली की तो माणूस रस्त्यावरूनच फोनवर मोडकी गाडी दाखवायचा, आणि ही इथं हुबळीत कमरीपेठेत बसून काय मोडलं, कशानं मोडलं ते ठरवायची. मधेच चित्र थिजलं की काम खलास. गुरुवारी परत थिजलं, आणि साहेबाचा निरोप आला: सोमवारी तुमच्या घरची लाइन तपासणार, नीट नसली तर बेंगळूरच्या ऑफिसात येऊन बसा. आता सून बेंगळूरला गेली की मागोमाग पोरगा श्रीहरी जाणार. श्रीहरी गेला की खालच्या तांब्या-पितळेच्या दुकानाला कुलूप. मग अंबूताईंनी काय, बंद दुकानात घागरींशी गप्पा मारायच्या?

आणि हे सगळं कशापायी, तर जावयाच्या मानापायी.

घर अरुंद आणि लांबच लांब. पुढं दुकान, मागं स्वयंपाकघर, वर दोन मजले, मधल्या भिंती दगडी, हातभर जाड. इंटरनेटची तार येते दुकानात. तिथल्या वायफायच्या मूळ डब्याचा जोर वरपर्यंत पोचत नाही. दीपश्रीनं तेव्हाच सांगितलं होतं, प्रत्येक मजल्यावर एकेक डबा बसवू आणि प्रत्येकाला मूळ डब्यापासून वेगळी वायर ओढू. पण श्रीहरी हे बोलला ते नेमकं जावई गुरुप्रसादरावांच्या पंगतीला बसून. झालं! जावयाच्या मिशीला तूप लागलं होतं, ते न पुसताच तो म्हणाला, "वायरलेस म्हणायचं आणि वायर ओढायची? लोक हसतील की. मी बघतो." धारवाडच्या कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटर खात्यात आहे म्हणे.

बघितलं त्यानं. तीन डबे आणले. पहिला डबा मूळ डब्याकडून घेणार, दुसरा पहिल्याकडून, तिसरा दुसऱ्याकडून. सगळं हवेतून. दीपश्री स्वयंपाकघरात हळूच म्हणाली होती, "आई, पंगतीत शेवटच्या पानावर जेवढं तूप पोचतं, तेवढंच वर पोचणार." डब्यांना नावं दिली गुरू एक, गुरू दोन, गुरू तीन. फोन वरच्या मजल्यावर नेला तरी खालच्या गुरूलाच चिकटून बसायचा. आणि सेटिंग बदलायचा पासवर्ड फक्त ह्याच्या फोनात. काही अडलं की धारवाडला फोन करायचा, मग राव तिथून उपकार करणार.

हात कुणी लावला नाही. जावयानं ठोकलेला खिळासुद्धा या घरात कुणी काढत नाही. सासऱ्यांच्या काळात एका जावयानं दाराच्या मागं घड्याळ टांगलं होतं. दार उघडं असलं की दिसत नाही, आणि दार दिवसभर उघडंच असतं. ते अजून तिथंच आहे.

रविवारी जावई आणि लेक शालिनी जेवायला आले. अंबूताईंनी पुरणाचे कडबू केले होते, कारण चूल काही कुणाचा राग बघत नाही. जेवणं झाली, तशा त्या म्हणाल्या, "गुरुप्रसादराव, तेवढा पासवर्ड दीपश्रीला देऊन ठेवा. उद्या तपासणी आहे."

तो हसला. लहान पोरानं चंद्र मागितल्यावर हसतात तसा. "आई, ते एवढं सोपं नसतं. कुणीतरी काहीतरी दाबलं की सगळं बिघडतं. काय अडलं तर मी आहे की."

"तुम्ही होतात की गुरुवारी. कुशीवर की पालथे?"

"अव्वा!" शालिनी आईला दबक्या आवाजात म्हणाली.

"दोष सेटिंगचा नाहीच," जावयानं ढेकर दिला. "तुमची ही भांडी. धातू लाटा खातो. भिंतीपण खातात."

"भांडी खातात, भिंती खातात. निदान वर कडबू तरी मागत नाहीत."

श्रीहरी मान खाली घालून सुपारी शोधू लागला. आपल्या पोटच्या पोराचं हे सुपारी शोधणं बघून अंबूताईंना जावयापेक्षाही त्याचाच जास्त वीट आला. त्या उठल्या. "तो तिसरा गुरू कुठं बसलाय, दाखव गं."

दीपश्री त्यांना वर घेऊन गेली, आणि न्हाणीघराचं दार उघडून उभी राहिली. आत, गीझरच्या प्लगला, बादलीच्या मागं डबा लोंबत होता. वर साबणाचा चिकट थर, त्याला चिकटलेले केस, खाली पालीची घाण, आणि अंबूताईंनी पदराच्या टोकानं तो ओढला तशी मागून झुरळांची पिलावळ भिंतीवर सांडली.

"इथं का?"

"प्लग रिकामा होता म्हणाले. मी म्हटलं होतं, बाहेर मधोमध, उंचावर लावू. तर म्हणाले, तुला काय कळतं?"

अंबूताई डबा चिमटीत धरून, मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसा, खाली घेऊन आल्या आणि जावयाच्या पुढ्यात, पानाच्या तबकाशेजारी ठेवला. तो अंग चोरून मागं सरला.

"ह्याचा पासवर्ड पुसायला काय लागतं गं?"

"मागं बारीक भोक आहे, आई. त्यात टोक दाबून धरायचं."

अंबूताईंनी बांगडीतली सेफ्टी पिन काढून तिच्या हातात दिली.

"अहो, माझं सगळं सेटिंग जाईल!" गुरुप्रसाद ताडकन उठला. "श्रीहरी, तू सांग की यांना!"

श्रीहरीनं आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. "वायर किती लागेल?" त्यानं दीपश्रीला विचारलं.

उरलेली दुपार जिन्यावर गेली. श्रीहरीनं ओळखीच्या दुकानदाराला घरून उठवून वायर आणली. वायरी जिन्याच्या कडेनं चिमटे ठोकत वर गेल्या, एकेका डब्याला एकेक. डबे पुसून, भिंतीवर उंच, मोकळ्यावर लावले. तिघांना आणि मूळ डब्यालाही नाव एकच, पासवर्ड एकच. चालता चालता फोन आपणच जवळच्या डब्याला जाईल, असं दीपश्री म्हणाली. मग तिनं मैत्रिणीला चित्र दिसणारा फोन लावला आणि बोलत बोलत दुकानातून स्वयंपाकघरात, तिथून जिना चढून थेट गच्चीच्या दारापर्यंत गेली. अंबूताई गुडघे धरत मागोमाग. फोनमधली बाई कुठंही थिजली नाही. तिच्या चहाची वाफसुद्धा हलत होती.

खाली गुरुप्रसाद चपला घालून उभा होता. "भिंतभर वायरी लोंबतायत. दिसायला कसं दिसतं! आणि माझा अपमान झाला तो झालाच."

"अव्वा, त्यांना एकदा सॉरी म्हण," शालिनी डोळे पुसत म्हणाली. "जावई आहेत घरचे."

अंबूताई शेवटच्या पायरीवर थांबल्या. श्वास घेतला.

"गुरुप्रसादराव, काम येत नाही म्हणून मला कुणाची शिसारी येत नाही. मला स्वतःला सही सोडून काही लिहिता येत नाही. पण जिला येतं तिला करू द्यायचं नाही, आणि तिचं वाटोळं होत असताना मान मागत बसायचं, ही घाण आहे. न्हाणीतली मी पुसली, ही तुमची तुम्ही पुसा. सणाला या, पाट मांडीन, वाढीन, पाया पडवून घ्या श्रीहरीकडून. पण माझ्या घरातल्या कशालाही परत हात लावायचा नाही. पंख्याच्या बटणालासुद्धा नाही. उकडलं तर सांगा, दीपश्री लावेल."