मावशींचे शब्द, जसेच्या तसे

गंधालीच्या नोंदी वाचल्या तर कुणालाही वाटावं, मालाडच्या त्या वाचाउपचार केंद्रात रोज हळदीकुंकूच चालतं. ‘रुग्ण प्रसन्न. सहकार्य उत्तम. सत्र छान झालं.’ तिथे उपचार करणारी ही पोर बोरिवलीच्या सभ्य घरातली. लहानपणी ‘गाढव’ म्हटलं तरी आई चूळ भरायला पाठवायची. तिच्या पेनातून वावगा शब्द उतरणार कसा?

आणि नेमक्या तिच्याच वाट्याला आल्या सगुणामावशी. मढच्या कोळीण. मासळीबाजारात त्यांची हाक ऐकून पुढे गेलेलं गिऱ्हाईक मागे वळायचं. मग पक्षाघाताचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण शब्द गेले. उरला एकच. छत्रीचं चित्र दाखवलं की मावशी म्हणायच्या, “मुडद्या!” कुलूप दाखवलं, “मुडद्या!” पाणी हवं का विचारलं तरी तेच. गंधाली कानांपर्यंत लाल व्हायची आणि खाली मान घालून लिहायची, ‘रुग्णाने नाराजी व्यक्त केली.’

केंद्र ट्रस्टचं, उपचार फुकट, त्यामुळे प्रतीक्षा यादी मारुतीच्या शेपटाएवढी. महिनाअखेरीला डॉक्टर मार्तंड येऊन नोंदी वाचायचे. ज्याची प्रगती कागदावर दिसत नाही, त्याची जागा दुसऱ्याला द्यायचे. या महिन्यात नंबर मावशींचा होता.

“मॅडम, जागा गेली तर आई परत कोपरा धरून बसतील,” मावशींची सून कल्पिता म्हणाली. “त्यांचा आवाज नसला तर घर खायला उठतं हो.”

गंधाली फाइल घेऊन थेट जयंतीताईंकडे गेली. जयंतीताई केंद्राच्या प्रमुख. माणूस मोकळा, जीभ त्याहून मोकळी. त्यांनी पानं उलटली आणि चष्मा काढून ठेवला.

“नाराजी व्यक्त केली, नाराजी व्यक्त केली... अगं, म्हणजे केलं काय त्यांनी? रडल्या? टेबल आपटलं?”

“बोलल्या, ताई.”

“मग काय बोलल्या ते लिही ना!”

“ते लिहिण्यासारखं नाहीये.” गंधालीने दार लावून घेतलं आणि हळूच सांगितलं. जयंतीताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

“वेडे, बाकीचे शब्द गेले तरी शिव्या, आकडे, आरत्या पुष्कळांच्या जिभेवर राहतात. ते शब्द आपोआप येतात. तोच तर आपला धागा, आणि तू तो झाकून ठेवलास! आता ऐक. काय केलं, त्या काय बोलल्या, कुणाला बोलल्या, किती मदत लागली, पुढे काय करायचं. एवढंच लिही, आणि शब्द त्यांचे, जसेच्या तसे. ‘छान’ हे तुझं मत झालं, ते कुणी विचारलंय?”

“मग आधीच्या नोंदी बदलू?”

“त्यांना हात लावायचा नाही. आजपासून नीट लिही.”

गंधालीने मन घट्ट केलं आणि लिहायला लागली. गंमत अशी की, लिहायचं म्हटल्यावर तिला नीट ऐकावं लागलं. आजवर ती शिवी आली की कान मिटून घ्यायची. आता कान देऊन ऐकलं तेव्हा कळलं, शिवीनंतर मावशींचे ओठ थांबत नाहीत, काहीतरी चाचपडत असतात. तिने चित्र खाली ठेवायची घाई सोडली. गप्प बसून राहिली. आणि एके दिवशी, “मुडद्या... छ... छत्री!” गंधालीने टाळ्या वाजवल्या आणि लिहिलं, ‘छत्रीचं चित्र दाखवलं. “मुडद्या, छत्री.” चित्राला उद्देशून. मदत लागली नाही, वेळ लागला.’ पुढच्या आठवड्यात कुलूप आलं, मग कपबशी. प्रत्येक शब्दाच्या आधी मुडद्या होताच. दार तोच उघडायचा, मागून शब्द आत यायचे.

महिनाअखेर आली. डॉक्टर मार्तंड म्हणजे इस्त्री मोडणार नाही असा माणूस. समोर मावशी, शेजारी कल्पिता, बाजूला गंधाली. जयंतीताई फोनवर अडकलेल्या. डॉक्टरांनी वाचायला सुरुवात केली आणि त्यांच्या भुवया वर चढल्या.

“‘मुडद्या, छत्री.’ ‘मुडद्या, कपबशी.’ हे काय आहे? वैद्यकीय नोंद आहे की मच्छीबाजार?”

“सर, ते त्यांचे शब्द...”

“आधी म्हणे नाराजी, मग एकदम हे! मस्करी वाटते तुम्हाला?” त्यांचा आवाज चढला. गंधालीला उत्तर माहीत होतं, पण तिचे डोळे भरले. आपल्यापायी मावशींची जागा जाणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मावशी तिच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी चांगला हात टेबलावर आपटला.

“मुडद्या!” त्या डॉक्टरांना म्हणाल्या. ओठ हलत राहिले. “पोरीला... पोरीला वरडू नको!”

कल्पिताने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. “सर, माफ करा. पण झटक्यानंतर पहिल्यांदा आई पुरतं वाक्य बोलल्या.”

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्या पानापासून नोंदी वाचल्या, या वेळी सावकाश. सुरुवातीच्या पानांवर मुडद्या कुठे लिहिलेलाच नव्हता, सगळी ‘नाराजी’च. मग छत्री आली, कुलूप आलं, कपबशी आली. त्यांनी गंधालीच्या हातातलं पेन मागून घेतलं.

आजच्या तारखेखाली त्यांनी स्वतःच्या सुबक अक्षरात लिहिलं, ‘“मुडद्या, पोरीला वरडू नको.” मदत लागली नाही. उपचार चालू ठेवावेत.’

सही करता करता ते थबकले. गंधाली प्रत्येक नोंदीत लिहायची ती ‘कुणाला’ची जागा रिकामीच राहिली होती. तिथे त्यांनी लिहिलं, ‘मला.’