यामादाचा तांबडा भात

यामादाने डब्याचे झाकण काढले आणि आधी हात हलवून सांगितले, "नो फिश. नो फिश."

आत तांबूस चिकट भात होता. त्यात चवळीएवढे लाल दाणे, वर काळे तीळ. रघुनाथ बघतच राहिला.

मुरगाव बंदरात बोटींवर खनिज चढते, त्याच्या मोजणीवर तो बावीस वर्षे होता. जपानी बोटीचा हा म्हातारा आचारी वर्षातून दोनतीनदा भेटे. त्याच्या हातून रघुनाथने कच्चा मासा खाल्ला, कागदासारखे समुद्री शेवाळ खाल्ले. तार सुटणारे आंबवलेले सोयाबीन नाक दाबून खाल्ले आणि पुढच्या फेरीला मागून घेतले. डिचोलीला घरी यातले काही बोलायची सोय नव्हती. जेवताना त्याने नाव काढले, की बायको, चंद्रावती, आपले ताट उचलून आत जाई.

आणि हाच माणूस शिरगावच्या देवीच्या जत्रेचा धोंड, व्रत पाळून निखाऱ्यांवरून चालणारा. अठरा वर्षांत एकदाही खंड नव्हता. व्रताच्या दिवसांत मासळी नाही, आणि दुसऱ्याच्या हातचे शिजलेले काहीच नाही. मागे त्याने हे यामादाला खुणांनी सांगितले होते. यामादाला मासळीचे कळले, हाताचे कळले नाही.

गोवा राज्य झाले त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. व्रताचा दुसरा दिवस होता, रजा उद्यापासून होती. सकाळी स्वतः शिजवलेली पेज पिऊन तो कामावर आला होता. आणि यामादाची ही शेवटची फेरी. हा भात आमच्यात शुभ दिवसाला करतात, तुझ्यासाठी कालपासून तांदूळ भिजवले होते, असे त्याने कृतीसकट मोडक्या इंग्रजीत सांगितले.

रघुनाथने एक घास घेतला. मग सगळा डबा संपवला. यामादा समोर उकिडवा बसून त्याच्या तोंडाकडे बघत होता.

गावी परतल्यावर तो सरळ धोंडांच्या मांडवाकडे गेला. त्यांच्यातल्या जाणत्या गोकुळदासला बाहेर बोलावून, यंदा मी चालणार नाही, म्हणाला. गोकुळदासला ती थट्टा वाटली.

"सगळ्या मुलखाचें खाल्लें तुवें. आतां इंगळेच रावले, ते सोडटा?"

खरे काय ते कळल्यावर त्याने रघुनाथला मांडवापासून दूर नेले. मग, पाहिले कोणी, अशा सुरात हळूच म्हणाला, "बोटीर तुका कोण पळोवंक गेल्लो रे?"

"हांव स्वता आसलों न्हय थंय?" रघुनाथ म्हणाला.

चंद्रावती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. शेजारणी विचारायला आल्या, तेव्हा नवऱ्याला ताप आलाय, असे तिने प्रत्येकीला सांगितले.

जत्रेच्या संध्याकाळी वाड्यावरची घरे रिकामी झाली. ती ओसरीवर येऊन त्याच्या बाजूला बसली.

"त्या भाताक मीठ आसलें?"

"तिळांत आसलें."

दाणे आधी शिजवतात की भाताबरोबर, हेही तिने विचारले. तो आठवून आठवून सांगत होता. रस्त्याने देवीचा घोष करत धोंड निघाले, तेव्हा त्याचा आवाज मध्येच थांबला.

चंद्रावती रस्त्याकडे पाठ करून बसली.

"मागीर?" तिने भाताचे पुढचे विचारले.