रचनाकाराचे नाव

सतरा वर्षं ती कार्यक्रम करत होती आणि सतरा वर्षं कुणी ना कुणी तिला विचारत होतं, "गाणं कधी सुरू होणार?"

गाणं नसायचंच. ती नुसती गिटार वाजवायची. मामाने शिकवलेल्या जुन्या लोकधुना, शब्दांवाचून. अगदी सुरुवातीला ती ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या एका कंपनीत गेली होती. तिथले साहेब डोळे मिटून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "छान. यावर आवाज कुणाचा घ्यायचा?" ती अर्धा चहा तसाच टाकून उठली. त्यानंतर सगळा कारभार एकटीचा. झोपायच्या खोलीत कपाटावर रजया टांगायच्या, फ्रिज बंद करायचा, नवऱ्याला सांगायचं की अर्धा तास नळ सोडू नकोस, आणि खालच्या सुताराची करवत थांबली की वाजवायला बसायचं. असे चार संग्रह तिने काढले आणि इंटरनेटवर ऐकायला ठेवले. लोकांना त्यातली एकच धून ठाऊक होती, 'दोरीवाली'. तिच्यामुळे दोन-चार ठिकाणांहून बोलावणी यायची.

एका मंगळवारी सकाळी, संग्रह जिथे ठेवले होते त्या संकेतस्थळाचं पत्र आलं. 'दोरीवाली' काढून टाकण्यात आली होती. कारण, हे ध्वनिमुद्रण दुसऱ्याच्या मालकीच्या ध्वनिमुद्रणाशी जुळतं.

ते दुसरं कुठलं, हे तिने शोधून काढलं. झोप न येणाऱ्यांसाठी संगीत पुरवणारं कुणीतरी होतं. वर पावसाचा आवाज, खाली गिटार. ती ऐकत असतानाच खोलीत नवरा आला. तो वीजकाम करायचा, पायात बूट घालून निघालाच होता.

"अगं, ही तर आपली खुर्ची," तो म्हणाला.

खरंच होतं. मुद्रण करताना दुसऱ्या मिनिटाला ती पुढे वाकली होती तेव्हा खुर्ची करकरली होती. पावसाखालून ती करकर स्पष्ट ऐकू येत होती. चोरांनी खुर्चीसकट धून उचलली होती.

"मग लिही ना तसं."

"कुठे लिहू? तक्रारीच्या अर्जात तीन पर्याय दिलेत, त्यात खुर्ची नाही."

अर्ज भरता भरता तिचा जीव मेटाकुटीला आला. 'मूळ रचनाकाराचे नाव' हा रकाना सोडता येत नव्हता. तिने लिहिलं, पारंपरिक. लाल अक्षरांत उत्तर उमटलं, वैध नाव भरा. तिने लिहिलं, लोकधून. पुन्हा लाल. शेवटी 'लोक परंपरा' असं नाव-आडनावासारखं तोडून लिहिलं, तेव्हा कुठे अर्ज पुढे सरकला. चार दिवसांनी उत्तर आलं की श्री. परंपरा यांचं संमतिपत्र जोडावं.

नवरा हसला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला आणि ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मग ती मामाकडे गेली. मामा आयुष्यभर दोरखंडाच्या कारखान्यात कामाला होता. आता बोटं आखडली होती, तरी भिंतीवरची गिटार रोज खाली यायची.

"मामा, 'दोरीवाली' तू कुणाकडून घेतलीस?"

"आमच्या कारखान्यात एक बाई होती. पीळ देताना गुणगुणायची."

"नाव काय तिचं?"

"सगळे काकी म्हणायचे."

"मामा, नाव हवंय मला. अर्जात लिहायला."

"अगं, काकीला नाव विचारायची कुणाची छाती होती?" मामाने गिटार मांडीवर घेतली. "आणि काकीचं नाव लिहून काय उपयोग? ती गुणगुणायची ते हे एवढंच."

त्याने सावकाश वाजवलं. पहिला भाग झाला, आणि तो थेट शेवटाकडे वळला. ती बघतच राहिली.

"मधला भाग गाळलास तू."

"मधला भाग कुठे होता? तो तुझा. एकोणीस वर्षांची होतीस, माझ्यापुढे बसून वाजवलास. मला वाटलं, विसरली असेल आणि वेळ मारून नेतेय. पण बरा होता, म्हणून बोललो नाही."

एवढी वर्षं जी धून ती 'जुनी आहे, माझी नाही' म्हणत लोकांपुढे ठेवत आली, तिचा सगळ्यांना आवडणारा भाग तिचाच होता. आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप, स्वतःवरच. घरी येऊन तिने नवा अर्ज भरला. रचनाकाराच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, खुर्चीची करकर कितव्या सेकंदाला येते तेही कळवलं. उत्तर तासाभरात आलं. आधीच्या अर्जात आपण रचनाकार वेगळा दाखवला आहे. माहितीत विसंगती असल्याने अर्ज फेटाळला आहे.

तिने आणखी सहा पत्रं लिहिली. सात आठवड्यांनी कुणा खऱ्या माणसाने उत्तर दिलं. 'दोरीवाली' परत लावण्यात येत होती. पावसाची आवृत्तीही राहणार होती, कारण पावसामुळे ती स्वतंत्र कृती ठरत होती. शेवटी तसदीबद्दल दिलगिरी होती.

"निदान तुझी परत आली," नवरा म्हणाला.

"हो. आणि आता लोक म्हणतील, पाऊस नसलेली ती हीच का."

 तिने विषय तिथेच सोडला, कारण दातओठ खाऊन दाढ दुखायला लागली होती.

रविवारी ती ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन मामाकडे गेली. त्याला जेवढ्या धुना येत होत्या तेवढ्या वाजवायला लावल्या, आणि प्रत्येकीआधी, कुणाकडून घेतली ते बोलायला लावलं. बहुतेकांची नावं त्यालाही ठाऊक नव्हती. काकी, मुकादम, जिन्याखालचा म्हातारा. तिने वहीत तसंच लिहून घेतलं.

तिसऱ्या धुनेला मामा मध्येच थांबला. "इथे पुढे काय होतं, आठवत नाही."

"थांब, मी काहीतरी घालते," ती म्हणाली, आणि लगेच वहीत तारीख टाकून पुढे स्वतःचं नाव लिहिलं.