टकटक न झालेल्या दाराची कडी

मी एक जुनी कडी आहे. पितळेची, दाराला आतून लावतात ती. सध्या हडपसरच्या एका घरात खिळ्यांच्या डब्यात पडून आहे. आणि मित्रांनो, माझा संताप अजून उतरलेला नाही.

या घराचे मालक सर्जेराव, त्यांनी मला मंडईजवळच्या एका दुकानातून आणलं. शेताच्या जागी इमारत उठली, तेव्हा लेकीच्या खोलीला पितळीच कडी हवी म्हणून त्यांनी दुकानदाराशी हुज्जत घातली होती. तेजस्विनी तेव्हा लहान होती. टाचा उंचावून मला लावायची आणि आतून ओरडायची, "पप्पा, ओळखा मी कुठंय!" पाहुणे माझ्या चकाकीचं कौतुक करायचे.

तेजू कॉलेजात गेली आणि माझं काम वाढलं. सकाळी हसत बाहेर पडलेली मुलगी दुपारी रडत परत यायची. आज निकिता जीवाभावाची मैत्रीण, उद्या तिचं तोंडही बघायचं नाही, परवा पुन्हा तिलाच फोन, "मला सोडून जाऊ नकोस ना गं." तिची आई मंगल माहेरी निघाली तरी हिचा जीव कासावीस व्हायचा. रागात ताट भिरकावायची, मग स्वतःलाच दूषणं द्यायची. आतून रिकामं रिकामं वाटतं, म्हणायची. हातावरच्या जखमा लांब बाह्यांखाली झाकायची. आणि या सगळ्याला घरात एकच शब्द होता, 'नाटकं'! कोणी म्हणालं, रक्त कमी आहे, टॉनिक द्या. कोणी म्हणालं, लग्न लावा, येईल ताळ्यावर. अक्कल पाजळायला काही शिकावं लागत नाही!

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. कडी लावल्यावर तेजू पलंगावर जात नसे. हात माझ्यावर ठेवून तशीच उभी राहायची, बाहेर कुणाची पावलं वाजतात का ते ऐकत. कोणी टकटक केली नाही.

शेवटी मंगलने हट्टाने तिला मनोविकारतज्ज्ञ शेफाली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घाईघाईने शिक्का मारला नाही. अनेक भेटींत तेजूला बोलतं केलं, हे सगळं कधीपासून आहे ते आईबापांनाही विचारलं आणि मगच निदान सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावनांचा आणि नात्यांचा तोल न राहण्याचा मनाचा आजार.

सर्जेराव घरी आले ते हसतच. "आगं, नुस्तं बॉर्डरलाइन हाय! माझी शुगर बी बॉर्डरलाइनलाच हाय की. पथ्यपानी केलं की झालं."

आणि तेजूच्या पुढच्या भेटी बंद! नावाचा पहिला शब्द तेवढा ऐकला आणि लेकीला वाऱ्यावर सोडलं. मी पितळेची, पण मलाही चीड आली.

मग व्हायचं तेच झालं. एका दुपारी निकिताने फोन उचलला नाही. तेजूने मला लावलं, आणि त्या दिवशी तिचा हात माझ्यावर थांबला नाही. मंगलच्या हाका, सर्जेरावांचे धक्के, आणि मी स्क्रूंसकट उखडून खाली पडले. वेळेत दवाखाना गाठला म्हणून मुलगी वाचली.

घरी आल्यावर मंगलने शेफाली डॉक्टरांना फोन लावून तो स्पीकरवर टाकला.

"अहो सर्जेराव, हे साखरेसारखं काठावरचं नव्हे. नाव तेवढं बॉर्डरलाइन, दुखणं पुरतं आहे. नेटाने उपचार केले तर मुलगी सावरेल. ते मध्येच सोडायचे नसतात."

सर्जेरावांनी मला जमिनीवरून उचललं. "आन् आमी नाटकं म्हनत व्हतो," एवढंच ते बोलले.

उपचार पुन्हा सुरू झाले. दाराला तूर्त कडी नको, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून मी या डब्यात. त्याचं मला वाईट वाटत नाही. मित्रांनो, कडी आखडली तर तेल घालता, मग माणूस दार लावून बसला की नावं का ठेवता? त्याला काय होतंय ते विचारा, जाणत्याकडे न्या, आणि दुखण्याचं नाव पुरतं ऐकून घ्या.

काल सर्जेराव तेजूच्या खोलीपाशी आले. दार नुसतं लोटलेलं होतं, ढकललं असतं तरी उघडलं असतं. पण ते बाहेरच थांबले आणि त्यांनी टकटक केली.

"तेजू, येऊ का गं?"

आतून लगेच उत्तर आलं, "या ना. किती उशीर केलात, पप्पा!"