योग्य ती नोंद

आमच्या कामाचा एक नियम आहे. पत्रक छापायला जाण्याआधी ते खाली इस्त्रीवालीला वाचून दाखवायचं. ती कपड्यांवरची नजर काढत नाही, पण एखादं वाक्य डोक्यावरून गेलं की म्हणते, "परत वाचा." दोनदा परत वाचावं लागलं की ते वाक्य मी खोडते. चार वर्षांत अशी अकरा पत्रकं निघाली. एकट्या बाईला कोणता भत्ता मिळतो, अपंगत्वाचा दाखला कुठे काढायचा, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर सांभाळभत्त्यासाठी कोणते कागद जोडायचे. आमच्या पत्रकावर कुणाचा शिक्का नाही, कुणाची मेहेरबानी नाही. कल्याण खात्याची स्वतःची माहितीपुस्तिकाही आहे म्हणा. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर साहेबांचा हसरा फोटो, आणि शेवटच्या पानापर्यंत कोणाला काय मिळतं याचा पत्ता नाही. ती हातात घेतली की मला हात धुवावेसे वाटतात.

हे मी बाहेरून बोलत नाही. त्याच खात्यात मी सव्वीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी पत्रव्यवहार शाखेत. निवृत्त झाल्यावर ही वरची खोली भाड्याने घेतली आणि जे टेबलापलीकडे बसून कधी सांगितलं नाही ते सांगायला लागले. खालच्या वाफेने इथे कागदांचे कोपरे वळतात, बाकी काही तक्रार नाही.

त्या मंगळवारी मी बारावं पत्रक घेऊन खाली गेले, तर इस्त्रीवाली म्हणाली, "ताई, ते जरा राहू द्या. हे बघा आधी. पुढे किती दिवस लागतात हो?"

तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पत्र काढलं. घडी मोडावी म्हणून त्यावरून कोमट इस्त्री फिरवली होती. आमचं पत्रक ऐकूनच तिने सासऱ्यांच्या सांभाळभत्त्यासाठी अर्ज केला होता, त्याचं हे उत्तर. मी वाचलं. 'आपल्या अर्जाची योग्य ती नोंद घेण्यात आली असून प्रचलित निकषांच्या अधीन राहून त्यावर उचित निर्णय घेण्यात आला आहे. आपल्या सहकार्याबद्दल खाते आभारी आहे.' वरची तारीख सत्तर दिवसांपूर्वीची होती. नकाराविरुद्ध दाद मागायची मुदत तीस दिवसांची असते.

"हा नकार आहे," मी म्हटलं.

"कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही."

"मग? नकार असता तर 'नाही' लिहिलं असतं ना. तुम्हीच सांगता, नाही म्हणायचं तर सरळ नाही लिहावं. आणि आभार मानलेत की त्यांनी."

मागच्या पडद्याआड तिचे सासरे पडून असतात. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, आणि गिऱ्हाइकांची गर्दी असली की ते राहून जातं. पाठीला जखमा झाल्या होत्या. गरम कापडाच्या वासातूनही त्या जखमांचा वास येत होता. भत्ता सुरू झाला की सकाळपुरती एक बाई ठेवायची, असं तिने ठरवलं होतं. पलीकडच्या गल्लीतल्या एकीला सांगूनही ठेवलं होतं की एवढ्यात दुसरं काम धरू नकोस.

मी तिच्याकडे बघू शकले नाही. तिची दया आली म्हणून नव्हे. ते वाक्य माझं होतं.

चौदा वर्षांपूर्वी आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. नकाराची पत्रं गेली की लोक भांडायला येतात, दाद मागतात, फायली परत उघडाव्या लागतात. "असं काहीतरी लिहा," ते म्हणाले, "की कुणाचं मन दुखायला नको आणि कुणी परत यायलाही नको." मी दोन दिवस घासून पुसून ते वाक्य तयार केलं. 'आभारी' हा शब्द मला स्वतःला सुचला. वर्षभरात दाद मागणारे निम्म्यावर आले. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि मी घरी जाऊन ते नवऱ्याला कौतुकाने सांगितलं. पुढे नवे संगणक आले तेव्हा जुने नमुने गेले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. कधी विचारायला गेले नाही. अकरा पत्रकं काढली, पण खात्याचं पत्र कसं वाचावं यावर एकही काढलं नाही, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं आणि मला माझी किळस आली.

दुसऱ्या दिवशी मी तिचा दाद मागायचा अर्ज घेऊन खात्यात गेले. त्यात उशिराचं कारण लिहिलं होतं, पत्राचा अर्थ कळला नाही. खिडकीतल्या कारकून मुलीने चहाचा कप त्याच अर्जावर ठेवला.

"हे कारण चालत नाही. पत्र स्पष्ट आहे."

"तुला कळलं ते?"

"मी इथे काम करते, मला कळणारच. नमुना मंजूर आहे, मावशी. तो मुद्दाम न कळण्यासारखा केलाय असं कुणी लेखी दिलं तर गोष्ट वेगळी." आणि ती हसली. "असं कोण लिहून देणार?"

कपाचा गोल डाग पडलेला कागद घेऊन मी बाहेर आले. रस्ताभर मनात नाही नाही ते येत होतं. ओळखीच्या डॉक्टरकडून ती आजारी होती असा दाखला घेता आला असता. कुणाला कळलं नसतं. माझ्या पत्रकांवर लोकांचा विश्वास होता, तो तसाच राहिला असता. खिडकीतल्या मुलीचा राग येत होता, पण तो राग टिकेना. तिच्या जागी मी सव्वीस वर्षं बसले होते, आणि माझ्या कपाचे डाग मला कधी दिसले नव्हते.

वर जाऊन मी अर्जाला जोडायला चार ओळी लिहिल्या आणि त्या वाचून दाखवायला खाली गेले.

"हे पत्र मी लिहिलं. तेव्हा मी या खात्यात होते. नकार लोकांना कळू नये, म्हणून ते असं लिहिलं. नकार कळला नाही की माणूस मुदतीत दाद मागत नाही."

इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली.

"किती जणांना गेलं असेल हे?" तिने विचारलं.

"वर्षाला हजारो."

ती पडद्याआड गेली. सासऱ्यांची कूस बदलताना ते कण्हले ते मला ऐकू आलं. हात धुऊन ती बाहेर आली.

"मग माझ्या एकटीच्या अर्जाला काय जोडताय? छापा हे. खाली तुमचं नाव घाला. ती माणसं विचारायला कुणाकडे जातील?"

"तू रागावलीस?"

"रागावायला मला वेळ कुठे आहे, ताई," ती म्हणाली, आणि पुढचा शर्ट ओढला. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. मला ते बरोबर वाटतं.

माझ्या चार ओळी अर्जाला जोडल्या, आणि पत्रकावरही छापल्या. खात्यात आरडाओरडा झाला, मला नोटीस आली, जुन्या सहकाऱ्यांनी फोन करून तोंडसुख घेतलं. पण लेखी कागद समोर असल्यावर खात्याला तिचा उशीर माफ करावा लागला. अर्ज पुन्हा तपासणीला घेतला आहे. ती सकाळची बाई मात्र तोवर दुसरीकडे कामाला लागली.

पत्रक वाटल्यानंतर पाचव्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ जिना चढून वर आले. दम लागला होता. त्यांनी खिशातून तेच पत्र काढलं, नऊ वर्षांपूर्वीचं, घड्यांवर चिकटपट्टी लावलेलं. मी दाद मागायचा कोरा अर्ज पुढे केला, तर ते म्हणाले, "तो नको. अर्ज बायकोसाठी होता, ती दुसऱ्याच वर्षी गेली. शेवटपर्यंत म्हणत होती, येईल, आभार मानलेत म्हणजे येईल. मला फक्त एवढंच विचारायचंय, ते हो म्हणाले होते का नाही?"

"नाही म्हणाले होते," मी म्हटलं. मग मला ते वाक्य नीट करावं लागलं. "मी म्हणाले होते."