नोंदवहीतलं 'ठीक'

खरं सांगतो, हे लिहिणार नव्हतो. दोनदा टाइप करून खोडलं. पण तुमच्याही कामाच्या जागी अशी एक वही असेल, म्हणून लिहितोय.

मेंदूवर संशोधन करणाऱ्या सात गटांत मिळून आमची एकच मायक्रोस्कोपची खोली आहे. तिथले कॉम्प्युटर मी बघतो आणि मशीन माझा मित्र बघतो. डिग्री नाही, सगळं बघून बघून शिकलेला, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. नवा मायक्रोस्कोप घ्यायचा होता, मेंदूच्या जाड कापात खोलवर बघणारा. कंपनीने तो आठवडाभर वापरून बघायला दिला होता. शुक्रवारी समिती फोटो बघून ठरवणार होती, घ्यायचा की नाही.

बुधवारी मिस्त्रीच्या हातून लेन्स जरा जास्तच खाली गेली आणि काचपट्टीला टेकली. एवढासाच आवाज झाला, कट्. लेन्सवर केसाएवढा चरा. त्याने मागे वळून बघितलं. खोलीत फक्त मी होतो. त्याने खोलीतल्या मशीनची नोंदवही ओढली आणि 'दोष' या रकान्यात लिहिलं, 'ठीक'. मीही बघून स्क्रीनकडे मान वळवली.

त्यानंतर फोन वाजला की तो दचकायचा. कंत्राट संपत आलेलं, आणि घरी आईला सांगून बसलेला की यंदा कायम होणार. गुरुवारी सगळे फोटो धूसर आले. पीएचडी करणाऱ्या ताईंना वाटलं, आपलेच काप बिघडलेत. चार महिन्यांची मेहनत ट्रेमध्ये भरून त्या टाकायला निघाल्या. समितीतही कुजबुज सुरू झाली, की हे मशीन काही कामाचं नाही.

तेवढ्यात भांडारातले काका तपासणीसाठी वही न्यायला आले. पानं उलटता उलटता थांबले.

"सहा वर्षांत या रकान्यात एकही दोष नाही. मशीनचा सत्कार करू या, की आपल्या घाबरटपणाचा?"

मिस्त्रीने त्यांना चऱ्याचं सगळं सांगून टाकलं. "काका, लिहिलं तर नोकरी जाईल."

"जाईलही. मी खोटा धीर देणार नाही. पण नाही लिहिलंस तर ती पोरगी चांगले काप फेकून देईल, आणि सात गट दहा वर्षं भलत्याच मशीनमधून मेंदू बघतील. घाबरायचं तू आणि भोगायचं त्यांनी?"

मिस्त्री धावतच कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेला.

"ताई, थांबा! काप चांगले आहेत. लेन्सला चरा मी पाडलाय."

मग येऊन त्याने 'ठीक' खोडलं आणि खरं काय ते लिहून सही केली. शुक्रवारी समितीपुढे उभा राहून त्याने तेच सांगितलं. कंपनीने दुसरी लेन्स लावली, तेच काप लख्ख दिसले आणि मशीन घ्यायचं ठरलं. त्याच्या कंत्राटाचं मात्र अजून काही कळलेलं नाही.

लपवलेली चूक नाहीशी होत नाही, दुसऱ्याच्या कामात जाऊन बसते. आणि चूक सांगणाऱ्यावर आपण तुटून पडलो, की पुढच्याला 'ठीक' लिहायला आपणच शिकवतो.

काल मिस्त्रीने सहज विचारलं, मार्चमध्ये जुन्या मशीनचे फोटो कॉम्प्युटरवरून कसे उडाले? ते माझ्याच हातून पुसले गेले होते. त्या दिवशी वहीत मीही 'ठीक' लिहिलं होतं.

मी त्याला शब्द दिलाय, "सोमवारी सकाळी सगळ्यात आधी वही उघडतो. तू फक्त शेजारी उभा राहा."